आई, वाढ

चोरा, निदान शेवटची ओळ तरी वाचायचीस!

आज वैशूला जाऊन वर्ष झालं.
सकाळी तू आपल्या ग्रुपवर तिच्या फोटोखाली दिवा लावलास, हात जोडलेस, 'मिस यू' लिहिलंस.

दुपारी तिचाच कोड स्वतःच्या प्रोफाइलवर टाकलास. वर लिहिलंस, 'माझी ओरिजिनल मेथड'.
लोक 'जबरदस्त भावा' म्हणतायत आणि तू एकेकाला थँक्यू म्हणतोयस. लाज कशी वाटत नाही?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वैशू बेलपाड्याची. पनवेलच्या क्लासमध्ये आम्ही तिघं पायथन शिकलो आणि ऑनलाइन कोडी सोडवायचा नाद लागला. चक्रव्यूहातून उंदराला बाहेर काढा, असली कोडी.
माझं आणि या महाशयांचं डोकं चालेनासं झालं की वैशू आपला कोड ग्रुपवर टाकायची. समजावून सांगायची. कधी भाव खाल्ला नाही.

तिच्या कोडमध्ये सगळी नावं मराठी. उंदीर, वाट, भिंत.
ती तू बदललीस. माउस, पाथ, वॉल. केवढी ती मेहनत!

पण तुझ्याच स्क्रीनशॉटमध्ये उत्तराच्या खाली काय छापलंय?
'आई, वाढ.'

वैशू कोडं घेऊन बसली की आतून तिच्या आईची, काकूंची, हाक यायची, "वैशे, जेवाला ये गो, भाकरी थंड झाली!"
"उत्तर आलं की येते!"
म्हणून तिच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी ही ओळ असायची.
तुला काय वाटलं, ती पायथनची कमांड आहे?

आत्ता बेलपाड्याहून आले. रागाच्या भरात काकूंना तुझी पोस्ट दाखवली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.
"ह्ये वैशीनं लिवलंय?"
"हो काकू. दर वेळी लिहायची."
"मला कवा बोलली नाय." मग म्हणाल्या, "आता कोनाला वाढू गो?"


तू सांग त्यांना. नाहीतर त्या पोस्टवर तिचं नाव घाल. पूर्ण नाव, आजच्या आज.

आणि वैशू, राग तुझ्यावरही आहे. 'एवढं कोडं झालं की डॉक्टरकडे जाते' म्हणत ताप अंगावर काढलास. कोडं कुठे पळून जात होतं?

मी निघाले तेव्हा काकू तुझं ताट वाढत होत्या.
उत्तर आलंय, बाई. जेव आता.