आईने नातवाचे कान झाकले

अगं, ये इकडे, जवळ ये. निदान हा कागद तरी जवळ धर. बाळंतपणासाठी दवाखान्यात नाव घालायला गेलीस, डॉक्टरणीने विचारलं, "घरात कुणाला काही आजार?" आणि तू "काही नाही" म्हणून मोकळी! तुझ्या आईने फोनवर सांगितलं मला. भाचीबाई, नव्वदच्या सुमाराला मीही ठाण्यात अगदी हेच उत्तर दिलेलं.

माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. कान सारखा वाहायचा, आणि त्या वर्षात तिसऱ्यांदा न्यूमोनिया झालेला. दृष्ट काढून मी थकले, सुया देऊन डोंबिवलीचे डॉक्टर थकले. त्यांनीच ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी घसा बघितला. "याला टॉन्सिल दिसतच नाहीत," म्हणाले. मग मला विचारलं, "बाई, माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय?"

"नाही," म्हटलं मी.

खोटं गं! माझे दोन भाऊ गेलेले. पण आपल्यात गेलेल्या लेकराचा विषय जित्या लेकरासमोर काढत नाहीत, त्याला ओढ लागते म्हणतात. आणि माझं लेकरू तर मांडीवर.

शेजारी आई, म्हणजे तुझी आजी, डब्याची पिशवी धरून बसलेली. तिने पिशवी खाली ठेवली, नातवाचे दोन्ही कान तळहातांनी गच्च झाकले आणि म्हणाली, "डाक्टर, माझे दोन पोरगे गेले. दोघांचे कान वाहायचे, छाती भरायची. पोरी मात्र ठणठणीत."

"आजी, आधी सांगायचं ना!"

"तुमी हिला इचारलं. आनि हिला गप बसायला मीच शिकवलेलं."

मग मुंबईला रक्त तपासलं. जंतूंशी लढायला रक्तात जे लागतं, ते त्याच्या अंगात तयारच होत नव्हतं. हा दोष आईकडून मुलाला येतो. मुली बहुधा धडधाकट राहतात, पण पुढे देऊ शकतात. मी रडायला लागले तर आई म्हणते, "मी तुला दिला, मला माझ्या आयनी दिला असंल. शिव्या कुनाकुनाला देशील?"

तेव्हापासून दर महिन्याला सलाईनमधून औषध. आज तो वागळे इस्टेटला नोकरीला जातो आणि माझ्या दुखऱ्या गुडघ्यांवरून मलाच दटावतो.

तुझी आई माझी सख्खी बहीण. तुला मुलगा झाला तर पहिल्या दिवसापासून बघायला हवं. तेव्हा डॉक्टरणीला सगळं सांग. जीभ रेटत नसेल तर पोटावर दोन्ही हात ठेव, पण सांग.

आणि ये गं लवकर, या रविवारीच ये. त्याची जुनी फाईल काढून ठेवलीय, कोलंबीचं कालवणही करते.