आभाळाला वाफे पाडणारे दाजी

आमचे दाजी, म्हणजे आक्काचे मालक हणमंतराव, कडेगावला आले की चहा अर्धा टाकून आधी उसाच्या पाटावर जायचे. वाहत्या पाण्यात मुठीएवढा धोंडा ठेवायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी धोंड्याला धडकायचं, दोन्ही अंगानं फुटायचं, मागं शेपूट काढून पुन्हा एक व्हायचं. गडी तोंड फिरवून हसायचे. मी नुकताच फौजेतून सुटून आलेलो. शाळा चौथीपर्यंत, पण कुणापुढं दबलो नाही. सरळ विचारलं, "दाजी, ह्या धोंड्यात काय हाय?"

"शंकरराव, ही पृथ्वी समजा. आन् पाणी म्हंजे सूर्यावनं येणारं वारं."

"सूर्याला वारं?"

"लय जोराचं. आपल्या वाऱ्यावानी न्हवं, विजेनं भारलेल्या कणांचं. पर पृथ्वीच्या पोटात चुंबक हाय. त्याची आभाळात ढाल झालीया. वारं ढालीवर आपटतं आन् बाजूनं निघून जातं."

दाजी मूळचे मेढ्याकडच्या डोंगरातले. सांगलीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. ती ढाल वाऱ्यानं किती दबते, मागं तिची शेपूट किती लांब जाते, हे त्यांना कॉम्प्युटरवर काढायचं होतं. कसं, ते त्यांनी मला बांधावरच सांगितलं. "तुमी रानाला वाफे पाडता, तसं मी आभाळाला पाडतो. ह्या वाफ्यातनं त्या वाफ्यात किती वारं गेलं, त्याचा हिशेब मशीन करतं. सगळे वाफे झाले की पुन्हा पयल्यापास्नं."

"आन् वाफ्या-वाफ्याला दारं कोण धरतंय?"

"चुंबक!" म्हणाले, आणि स्वतःच लहान पोरासारखे हसले.

कशावरही त्यांचं एकच म्हणणं असायचं, "गणित करून बघू." पाऊस पडेल का, तर गणित करून बघू. मी एकदा वैतागून म्हटलं, "दाजी, म्हस दूध का चोरतीया त्याचंबी गणित करा." तर दाजी खरंच गोठ्यात जाऊन बसले. म्हशीनं लाथ मारली तेव्हा उठले. आमच्या घरात त्यांचा मान जावई म्हणून होता. त्यांच्या कामाला काम कुणी म्हणत नव्हतं, मीसुद्धा नाही.

तो कॉम्प्युटर मुंबईला, एका मोठ्या संस्थेत. गणित पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून न्यायचं, मशीन ती कार्डं एकेक ओढून वाचायचं. माझ्या फौजेतल्या काळ्या ट्रंकेत दाजी कार्डांचे गठ्ठे न्यायचे. एसटीत टपावर टाकू द्यायचे नाहीत, मांडीवर घेऊन बसायचे. आणीबाणी उठली त्या वर्षी तिथल्या साहेबांनी शब्द दिला, की मी दसरा झाला की परदेशी चाललोय, त्याआधी ढालीचं चित्र काढून दाखवा, तुम्हाला इथं कायमची जागा देतो. सांगलीतल्या एका अंधाऱ्या खोलीत आक्काचा संसार होता. मुंबईला कुठली भांडी न्यायची आणि कुठली ठेवायची, हे तिनं मनात वेगळं काढून ठेवलं होतं.

खंडेनवमीला दाजी ट्रंक घेऊन कडेगावला उतरले. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून रात्रीच्या गाडीनं मुंबई. आईनं नांगराचा फाळ, कोयते, विळे, कुदळ सगळं धुऊन मांडलं होतं. मांडता मांडता म्हणाली, "जावईबापू, तुमचं काय ठिवायचं?"

दाजींचा चेहरा मी विसरलो नाही. त्या घरात त्यांच्या कामाला पहिल्यांदाच कुणीतरी हत्यारांच्या रांगेत बोलावलं होतं. त्यांनी स्वतः ट्रंक उघडली आणि गठ्ठे कोयत्यांच्या शेजारी लावले. आक्का म्हणाली, "आवं, कागद हाय त्यो. पाणी लागंल."

"असू दे गं. माझंबी हत्यारच हाय."

प्रत्येक गठ्ठ्याला त्यांनी ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मग फुंकर मारून, फडक्यानं पुसून गठ्ठे ट्रंकेत भरले.

मुंबईत कार्डं मशीनला लावली. ओली झालेली कार्डं फुगून एकमेकांना चिकटली होती. मशीननं ती ओढली, दुमडली, फाडली आणि बंद पडलं. बाकीच्यांची कामं अडली. मिस्त्रीनं मशीन उघडलं तर आतून कुंकू लागलेला तांदळाचा दाणा निघाला. साहेबांनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "आता ह्याच्याकडूनच गणित करून घ्या."

दाजींनी हात जोडले, "दोन दिवस द्या, फाटलेली कार्डं पुन्हा पाडतो." साहेब पुढच्या माणसाकडं वळले.

हे दाजींनी मला सांगितलं तेव्हा मी चपला घातल्या. "चला मुंबईला. बघतो त्या साहेबाकडं. माझ्या आईनं पुजलेली वस्तू हाय, थट्टा कुणाची करतोय?"

"बसा शंकरराव. पूजा मी केली. तांदूळ माझ्या हातचा हुता."

"म्हून काय झालं? माणसाला दोन दिवस देता येत न्हाईत?"

"देता येत्यात," दाजी म्हणाले. पण मुंबईला परत गेले नाहीत. त्यांचा हाच गुण मला कधी आवडला नाही. चूक आपली असली म्हणून काय माणसानं तोंडात मारून घ्यायचं?

पुढं एकदा पेपरात तसलं चित्र आलं. एका बाजूनं दबलेली ढाल, मागं लांब शेपूट. काढणारा दुसराच कुणी. दाजींनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरोबर काढलंय." त्यांच्या आवाजात राग शोधला मी. नव्हता. तो राग मग मीच धरला, आजतागायत सोडला नाही.

दाजी सांगलीतच वारले, त्याच खोलीत. कॉलेजात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, सर वेळेवर येत, पेपर वेळेवर तपासून देत. मी उठून म्हटलं, "त्यांनी आभाळाचं गणित मांडलं हुतं, ते सांगा की." प्राचार्य गोड हसले. "हो का? बसा ना काका."

कडेगावच्या गाडीत आक्का शेजारी होती. कडेगावच्या फाळाशेजारी सांगलीचं कार्ड ज्यानं पुजलं, त्याच्याबद्दल मला लय बोलायचं होतं. तीच आधी बोलली.

"शंकर, त्या दिवशी पूजा केली नसती, तर?"

खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही.

"तर मशीन चाललं असतं आक्का. मुंबईला गेला असता तुमी."

"व्हय," ती म्हणाली, आणि कडेगाव येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.