सतरा नंबरचा नमुना

डॉ. उल्हास सबनीस रोज सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसत आणि एक आकडा बघत. सोसायटीतले बाकीचे निवृत्त लोक शेअर बाजार बघत, हे स्वतःचा शोधनिबंध बघत. जगभरातल्या किती संशोधकांनी त्या निबंधाचा आधार घेतला, त्याचा तो आकडा. चौदाशे अठ्ठावीस. वाढला की आत हाक जायची, "नीला, आज दोन वाढले. एक ब्राझीलचा!" नीलाताई पोळ्या लाटता लाटता "अच्छा" म्हणायच्या. ब्राझीलला आपल्या नोएडाच्या मातीचं काय पडलंय हे त्यांना कधी कळलं नाही. पण नवरा खूश असायचा, म्हणून त्यांनी विचारलंही नाही.

माणूस तसा सज्जन. पस्तीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून दिल्लीत आला, एका प्रयोगशाळेत चिकटला, मुलीला, मृणालला, पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं आणि जन्मभर माती, पाणी नि धुळीतलं विष मोजत राहिला. शिसं हा त्यांचा लाडका विषय. जेवतानासुद्धा तोच. लहान मुलाच्या अंगात शिसं गेलं की पोट कसं दुखतं, रक्त कसं कमी होतं, मेंदू कसा मागे पडतो, हे ते इतक्या रंगून सांगत की पाहुण्यांचा घास हातातच राही.

तो गाजलेला निबंध बारा वर्षांपूर्वीचा. मातीतलं शिसं स्वस्तात मोजण्याची एक पद्धत त्यांनी शोधली होती. ती पडताळायला त्यांनी शहराच्या कडेच्या शेतांतून चोवीस नमुने आणले. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये चोरून जुन्या बॅटऱ्या वितळवत. तेवीस नमुन्यांतलं शिसं मर्यादेत निघालं आणि ते आलेखाच्या रेषेवर शहाण्यासारखे बसले. सतरावा, नाल्याच्या वळणावरचा, रेषेच्या पार बाहेर. इतका भयंकर आकडा की सबनीसांनी तीनदा मोजला. तिन्ही वेळा तेच. परीक्षकाने लिहून पाठवलं, हा एक नमुना सगळा आलेख बिघडवतो, वगळावा. सबनीसांनी वगळला. बाकीच्या नमुन्यांचे क्रमांक तेवढे बदलायचे राहिले. त्या जागेवर पुढे स्वतंत्र लिहायचं ठरवलं होतं, तेही राहून गेलं. आपल्या सगळ्यांचंच काही ना काही राहून जातं, पण ते जमिनीत मुरून बसत नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आकडा चौदाशे एकोणतीस झाला. नवा संदर्भ परदेशातला नव्हता. एका मोठ्या गृहसंकुलाचा दुसरा टप्पा बांधायचा होता, त्याच्या पर्यावरण अहवालात सबनीसांचं नाव आलं होतं. त्यांना गंमत वाटली. आता बिल्डरही आपल्याला वाचायला लागले! अहवालात लिहिलं होतं, 'या परिसरातील मातीत शिशाचे प्रमाण मर्यादेत असल्याचे सबनीस यांच्या संशोधनातून सिद्ध झाले आहे. पहिल्या टप्प्यातही हाच आधार घेतला होता.' खाली नकाशा होता.

नकाशावर नाला होता. त्याचं वळण सबनीसांनी झोपेतही ओळखलं असतं. वळणाच्या आत, जिथे एकदा त्यांनी गुडघ्यावर बसून खुरप्याने माती उकरली होती, तिथे आता हिरव्या रंगात लिहिलं होतं, 'बालोद्यान, पहिला टप्पा.'

पहिल्या टप्प्यात, सातव्या मजल्यावर, मृणाल राहत होती. दोन वर्षं झाली. वास्तुशांतीला ते स्वतः गेले होते, पण गेट, कारंजं आणि भपकेबाज नावाखाली ते शेत त्यांना दिसलंच नव्हतं. आणि परवाच्या रविवारी चार वर्षांची सुखदा त्यांच्या मांडीवर पोट धरून बसली होती. "आजोबा, दुखतंय." डॉक्टरांनी आयर्न कमी सांगितलंय, असं मृणाल म्हणाली होती. आणि शिशावर जन्म घालवलेला हा माणूस म्हणाला होता, "पालक दे तिला."

त्यांनी मृणालला फोन लावला.

"सुखदा कुठे आहे?"

"खाली, पार्कमध्ये. आज छुट्टी आहे ना तिला. का हो, बाबा?"

"तिला वर आण. आत्ताच्या आत्ता. हात साबणाने धू, नखं काप."

"अहो, पण झालं काय?"

"मातीत खेळते का ती?"

मृणाल हसली. "बिल्कुल! रोज मिट्टीचे लाडू करते. खातेसुद्धा कधीकधी, ओरडावं लागतं. बाबा? हॅलो?"

त्याच दुपारी त्यांनी सुखदाचं रक्त तपासायला दिलं. बागेत जाऊन गुलाबाच्या वाफ्यातली माती पिशवीत घेतली. मृणालने कारण विचारलं तर "रिपोर्ट येऊ दे" एवढंच सांगितलं. घाबरले होते. शिशाला नव्हे, मुलीला. दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. नीलाताईंना तेव्हाच कळलं, काहीतरी फार वाईट आहे.

गुरुवारी रिपोर्ट आला. रक्तातलं शिसं पाचच्या वर गेलं की काळजी करायची असते. सुखदाचं त्रेचाळीस होतं.

ते पोचले तेव्हा सुखदा आतल्या खोलीत झोपली होती, भर सकाळी. मृणाल लॅपटॉप पुढे घेऊन बसली होती. रडून झालेलं दिसत होतं. रिपोर्टबरोबर त्यांनी फोनवर बिल्डरच्या अहवालाचंही सांगितलं होतं, म्हणून तिने त्यांचा निबंध उघडला होता, जन्मात पहिल्यांदा. शेवटचा तक्ता पडद्यावर होता.

"बाबा, तुम्ही तर लिहिलंय इथे सगळं ठीक आहे." तिचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. मग थांबलं, वर गेलं, परत खाली आलं.

"सोळानंतर एकदम अठरा कसं?"

बारा वर्षांत चौदाशे एकोणतीस जणांनी त्या तक्त्याचा आधार घेतला होता. हा प्रश्न आजवर एकानेही विचारला नव्हता.

सबनीस खुर्चीत बसले. आतून सुखदा झोपेतच कण्हली, तशी मृणालची मान तिकडे वळली, पण बोट त्या ओळीवरच राहिलं.

"सतरा होता," ते म्हणाले. "मी काढला."