डोक्यावर फुटायचं मडकं

पन्नासच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या हौशी नाटकमंडळीत फुटणाऱ्या वस्तू मीच करायचो. एका नाटकात बायको नवऱ्याच्या डोक्यात मडकं फोडायची. त्यासाठी मी कुंभाराकडून न भाजलेली दोन मडकी आणायचो, आतून खरवडून पापडासारखी पातळ करायचो आणि वरून गेरू फासायचो. रंग जुळवायला शेजारी एक भाजलेलं मडकं ठेवायचो. कच्च्यातलं एक आधी स्वतःच्या डोक्यावर फोडून बघायचो, दुसरं प्रयोगाला.

एकदा प्रयोगाआधी नटराजाची पूजा होती. नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाने घाईघाईत माझं प्रयोगासाठी उरलेलं कच्चं मडकंच उचललं आणि पाणी भरून कलश म्हणून मांडलं. आरती संपेपर्यंत पाटावर नुसता चिखल!

"ते भाजलेलं आहे ना, तेच हळू मारू," दिग्दर्शक म्हणाला.

"मारू की. पण आधी तुझ्या डोक्यात मारून बघू," मी म्हणालो.

शेवटी प्रयोगात बायकोने ते भाजलेलं मडकं जमिनीवर आपटलं. कडाडून टाळी पडली, सगळे खूश. मी मात्र धुमसत होतो. अरे, जमिनीवर मडकं कुणीही फोडेल. डोक्यावर फोडायला माझंच लागतं.