बहिणीचं रडणं

आमच्याकडे माणूस गेलं की बाया नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्याला हाक मारायची, तो काय खायचा, कुणाशी भांडायचा, काय अर्धं टाकून गेला, सगळं सुरात सांगायचं. हे कुणी शिकवत नाही आणि सगळ्यांना जमतही नाही. मला कधी जमलं नाही. मी निपाणीत जन्मभर बिड्या वळल्या, शाळा चौथीपर्यंत केली, तोंडाची फटकळ म्हणून गल्लीत नाव आहे. पण मढ्यापाशी बसले की माझी वाचा बसते. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र ते यायचं. तिला बेळगावात खासबागेत दिली होती. घरात माग चालायचे, त्यांच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज मोठा झालेला. भावकीत कुणी गेलं की पहिला फोन तिला जायचा.

माझा नवरा गेला तेव्हा ती सकाळच्या गाडीनं आली आणि उंबऱ्यातूनच सुरू झाली. नवरा तंबाखूच्या वखारीत होता. शेवटची वर्षं खोकण्यात गेली. रागीट माणूस. त्याच्यात रडण्यासारखं काय आहे हे मला सुचत नव्हतं, ते तिनं शोधून काढलं. "दाजी, माझ्या आक्काला कुणाच्या हवाली करून चाललासा वो," असं ती म्हणाली. वखारीचं म्हणाली, खोकल्याचं म्हणाली. मग म्हणाली, "आता रश्श्यात मीठ कमी म्हणून ताट कुणी ढकलायचं वो दाजी?" तो खरंच ताट ढकलायचा. रोज. ते ऐकलं आणि तोवर कोरडी बसलेली मी रडले. बसलेल्या सगळ्या बाया रडल्या.

पुण्याची माणसं मातीला पोचणार नव्हती. म्हणून माझ्या दिराचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, फोनवर शूटिंग घेत होता. दीर त्याला म्हणाला, "एकेकाला कुठं पाठवत बसतोस? सगळ्यांना दिसंल असं टाक." त्यानं हार घातलेला फोटो आणि त्याखाली तो व्हिडिओ आपल्या खात्यावर उघडा टाकला. पुण्याच्या जावेनं फोन करून सांगितलं, बरं झालं, शेवटचं तोंड दिसलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

वर्षश्राद्ध व्हायच्या आधी तोच व्हिडिओ परत आला. आता त्यात नवरा नव्हता, हार नव्हता. फक्त माझी बहीण होती, छाती बडवणारी, आणि ते एकच वाक्य. ताट कुणी ढकलायचं वो दाजी. मागं बँडबाजा वाजत होता आणि कुणीतरी खो खो हसत होतं. कोपऱ्यात निपाणीतल्याच एका रील करणाऱ्या पोराच्या पेजचं चिन्ह होतं. हा पोरगा हॉटेलांच्या, मोबाईल दुकानांच्या जाहिराती करतो. त्यानं पुतण्याच्या खात्यावरून व्हिडिओ उतरवून घेतला होता, कापला होता आणि आपला म्हणून लावला होता.

भावकी पेटली. पेटून काय केलं? प्रत्येकानं तो आपल्या फोनात उतरवून घेतला, पुरावा म्हणून, आणि 'बघा काय केलंय' असं लिहून दहा जणांना पाठवला. त्या दहांनी आणखी दहांना. लग्नात रुसून बोलणं टाकलेली माणसंसुद्धा यात एकत्र आली. पुढं कुणीतरी कानडी अक्षरं चढवली, मग तो धारवाडपर्यंत गेला. आपल्या बाईची अब्रू वाचवायला निघालेल्या माणसांनीच तो गावोगाव पोचवला.

खासबागेत भाजीवाली बहिणीला म्हणाली, "आजी, मीठ कमी हाय का गं?" पोरं दारावरून ओरडत जायची, "दाजीऽऽ". पहिल्यांदा ती हसण्यावारी न्यायची. मग बाजाराला तिची सून जाऊ लागली.

मी पुतण्याला घेऊन त्या रीलवाल्याकडे गेले. माडीवर खोली, रंगीत दिवे. पोरानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. वागायला वाईट नव्हता.

"आजी, नेटवर पडलं की ते सगळ्यांचं असतंय. मी काय चोरी न्हाय केली. उघडं होतं, डाउनलोड केलं."

मी म्हटलं, "माझं लुगडं दारात वाळत घातलंय. रस्त्यावरनं दिसतंय. म्हणून तू नेऊन नेसणार काय रं?"

पुतण्या हसला. तो पोरगाही हसला. "लई भारी बोलतासा आजी. तुमचाच एक व्हिडिओ करूया की."

"काढ तो पहिला."

"चाललाय वो लई. आता काढला तर माझं पेज पडंल. आणि नुकसान काय झालं तुमचं? फेमस झाल्या की मावशी."

चहा तसाच ठेवून मी उठले.

टिळकवाडीत एक वकीलबाई आहे, माझ्या सुनेच्या ओळखीची. बहीण यायला तयार नव्हती, तिला मी ओढून नेलं, पुतण्यालाही बरोबर घेतलं. वकीलबाईनं शांतपणे समजावलं. ती म्हणाली, ज्यानं शूटिंग केलं, व्हिडिओ त्याचा. उघडा टाकला म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून घरात बघितला तर कुणी दार ठोठावत नाही, पण ते सरसकट चालतं असंही समजू नका, प्रत्येक ठिकाणचे नियम असतात. उतरवून, कापून, आपल्या नावानं परत लावणं मात्र सरळ चूक. पुतण्यानं तक्रार करावी, मूळ व्हिडिओ माझा आहे म्हणून. मग तिनं आम्हाला विचारलं, "तुमच्या नातेवाइकांनी किती जणांना पाठवला?" पुतण्यानं हातातला फोन खिशात घातला.

मी म्हटलं, "शूटिंग ह्याचं. ते कळलं. रडणं कुणाचं?"

वकीलबाई म्हणाली, "गाणाऱ्याचाही त्याच्या गाण्यावर हक्क असतो. पण हे रडणं म्हणजे सादर केलेली कला आहे, हे आपल्याला दाखवून द्यावं लागेल."

आतापर्यंत गप्प बसलेली बहीण बोलली. "म्हणजे कोर्टात रडून दाखवायचं का मी?"

वकीलबाई म्हणाली, "तसं नाही हो मावशी."

"मग कसं? जज्जाला कसं कळंल? मेलेला कोण आणायचा?"

ती पदर सावरून उठली आणि बाहेर जाऊन फाटकापाशी उभी राहिली. मी मागोमाग गेले तेव्हा तिनं मला सांगितलं, "आक्का, ती कला न्हाय गं. मला दाजी दिसत हुतं म्हणून आलं तोंडातनं. आता तोंड उघडलं की मला फोन दिसतोय."

पुतण्यानं तक्रार केली. रीलवाल्याचा व्हिडिओ खरंच निघाला. पुतण्या पेढे घेऊन आला. मी ते पेढे माझ्या नवऱ्याच्या फोटोपुढं ठेवायला निघाले होते, तेवढ्यात सुनेच्या फोनवर तोच व्हिडिओ दुसऱ्या पेजवरून आला. त्यावर तक्रार केली. मग तिसऱ्यावर. पुतण्यानं नोकरी सांभाळून हे किती दिवस करायचं? ज्यांनी तो फोनात उतरवून ठेवला होता त्यांच्या फोनातून तो काढायला कुठलाच कायदा पोचत नव्हता. त्यात आमचीच माणसं निम्मी.

त्यानंतर बहिणीची थोरली जाऊ गेली. मी गेले होते. दोघींनी एका चुलीवर जन्म काढलेला, हिच्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं. बायांनी वाट करून दिली, हिला मढ्यापाशी बसवलं. हिनं आजूबाजूला बघितलं. दारात पोरं उभी होती, कुणाच्या हातात फोन, कुणाच्या खिशात. हिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि तशीच बसून राहिली. खांदे हलत होते, आवाज नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "अगं बोल की गं, मोकळी हो." हिनं बोळा आणखी घट्ट दाबला.

पुढच्या थंडीत बहीण गेली. छातीत दुखलं म्हणाली आणि गेली.

माझ्या भाचीनं, म्हणजे तिच्या मुलीनं, आधीच व्यवस्था केली. दारात बांबूची पाटी ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तिच्यात टाकायला लावला. जावयाचा, पाहुण्यांचा, कुणाला सोडलं नाही. पाटी भरली. तरी कुणी रडेना. म्हणजे डोळ्यांतून पाणी होतं, पण बोलून कुणी रडेना. बाया एकमेकींकडे बघत होत्या. ज्यांना थोडंफार यायचं त्यासुद्धा खाली मान घालून बसल्या. माझ्या बहिणीचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं, आपापल्या फोनवर.

मी पुढं सरकले. म्हटलं, आता आपणच. तिच्या तोंडावरून हात फिरवला. मला सगळं आठवत होतं. लहानपणी ती माझ्या वाटणीची भाकरी खायची आणि वर मलाच मारायची. सासरी मागावर बसूनच जेवायची. मी ते सगळं बोलायला तोंड उघडलं आणि "उठ गं" एवढंच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "उठ गं." पुढं काही आलं नाही.

भाचीनं मला बाजूला घेतलं. तिच्याकडे मूळ व्हिडिओ होता, हारासकट, बँडबाजा नसलेला. पुतण्याला विचारून तिनं तो ठेवून घेतला होता. ती हळूच म्हणाली, "मावशी, आईचा आवाज लावू का? कुणीतरी रडायला पायजे की गं."

"नको. ते तुझ्या आईसाठी न्हाय, माझ्या नवऱ्यासाठी हाय."

"मग आईसाठी कोण?"

भाची परत जाऊन आईच्या पायापाशी बसली.

तिरडी बांधून झाली. पुरुषांनी उचलली. शेजारच्या गल्लीत माग चालू होते, त्यांचा खडखडाट घरात ऐकू येत होता. एरवी तिच्या रडण्यापुढं तो कुणाला ऐकू आला नसता. तिरडी कोपऱ्यावरून वळली तशी माणसं पाटीभोवती जमली आणि आपापला फोन शोधू लागली.