वन्सं गप्प बसायला शिकल्या

माझी नणंद दातांची डॉक्टर आहे. वयाने माझ्याहून लहान, पण मी तिला मुद्दाम ‘वन्सं’ आणि ‘अहो-जाहो’ करते, कारण त्याने ती चिडते. तिच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर मी बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या आणि आत काय चाललंय याची बाहेरच्यांना धास्ती बसू द्यायची नाही, ही माझी कामं. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण वन्संचा आवाज.

समोरच्याच्या तोंडात आरसा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी गेली की वन्संना कंठ फुटतो. "मुलगी काय करते हो सध्या?" असं विचारायचं, समोरच्याने ‘आँ आँ’ केलं की "अरे वा" म्हणून पुढच्या प्रश्नाला लागायचं. वर्षानुवर्षं पेशंटांशी असा संवाद साधून आपल्याला माणसं फार कळतात असा त्यांचा समज झाला होता. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर सांगायच्या, घरात मधे बोलणारा माणूस नको. माझा नवरा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, म्हणतो की लोक दाढ उपटून घ्यायला तयार होतात ते एकदाची सुटका व्हावी म्हणून.

एका सकाळी एक बाई आली. वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला, बरोबर नवरा. इतका गोड माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. त्याने माझ्या टेबलावरच्या रोपाचं कौतुक केलं, बायकोची पर्स धरली, तिच्यासाठी दार उघडलं. मी मनातल्या मनात माझ्या नवऱ्याला चार शिव्या हासडल्या. त्याने कधी माझी छत्रीसुद्धा धरलेली नाही. या गृहस्थाचं नाव मी तिथल्या तिथे ‘मधाळ’ ठेवून टाकलं.

मधाळ खुर्चीला चिकटून उभा राहिला. कसं लागलं? ओट्याला आपटली. आधी कधी लागलं होतं? छे हो, जरा धांदरट आहे, एवढंच. प्रश्न बायकोला, उत्तरं याची. वन्संनी ओठ उलटून पाहिला तर आत जुन्या जखमेची गाठ. शेजारचा दात कधीतरी मार लागून काळपट पडलेला. हनुवटीखाली बोटांएवढे पिवळे डाग. हिरडीत सुई गेली तरी त्या बाईने पापणी हलवली नाही. वन्संनी दाताची नस काढली, वर तात्पुरतं सिमेंट भरलं, आणि त्या दोघांबरोबर बाहेर येऊन भरल्या बाकांसमोर मधाळला विचारलं, "काय हो, तुमच्याकडे ओट्याला हात असतात का?"

मी खूश झाले. टाळी द्यावीशी वाटली. मधाळ मात्र हसला, डॉक्टर फार विनोदी आहेत म्हणाला आणि त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आम्हा दोघींना तो दिसला, आणि आपण कशा बोललो या आनंदात आम्ही तो सोडून दिला. पुढच्या वेळेला ती आली नाही. त्यापुढच्या वेळेलाही नाही.

मग वन्संचं जेवणावरून लक्ष उडालं. मोठ्या इस्पितळात त्यांची शाळेतली मैत्रीण नर्स आहे. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी तिथे एक खोली आहे, ती हिच्या ताब्यात. वन्संनी तिला सगळा प्रसंग रंगवून सांगितला, शाबासकीच्या आशेने असावा. मैत्रिणीने खरडपट्टी काढली. "तू तुझी हौस भागवून घेतलीस. ते वाक्य तिने घरी जाऊन निस्तरलं असेल."

मग तिने समजावलं. बाईला एकटीला गाठायचं आणि सरळ विचारायचं. सांगितलं तर विश्वास ठेवायचा. ‘सोडून दे त्याला’ असा हुकूम सोडायचा नाही, कारण बाई निघते तेव्हाच जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो. कधी निघायचं ते तिला ठरवू द्यायचं. दिसलेल्या जखमा केसपेपरवर नीट नोंदवायच्या, उद्या तिला उपयोगी पडतात. आणि ती बोलत असताना आपण तोंड मिटून ऐकायचं. वन्सं म्हणाल्या, बाकीचं जमेल.

सराव आमच्या घरी झाला. नवरा सोफ्यावर पेशंट होऊन बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझी बायको मला मारते." वन्सं म्हणाल्या, "बरं करते." परत सुरुवात. या वेळी त्यांनी फार उत्सुकतेने "कशाने?" असं विचारलं. मग कुठे त्या गप्प बसल्या, पण चेहरा असा लाल झाला की नवरा घाबरून पाणी आणायला उठला. रोज थोडं थोडं करत जमायला लागलं. एवढं, की एकदा नवरा नाटक विसरला आणि आपल्या साहेबाबद्दल खरंखुरं बोलत सुटला. बहीण पहिल्यांदाच आपलं ऐकतेय म्हणून मग त्याने शाळेतल्या मास्तरांचंही काढलं. मला आधी हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं.

पण ऐकायला ती बाई यायला तर हवी. वन्संनी मधाळला फोन लावला. ज्या बाईने सख्ख्या आईची कधी माफी मागितली नाही, ती त्याला म्हणाली, "त्या दिवशी मी फाजीलपणा केला, माफ करा." मग जे खरं तेच सांगितलं: सिमेंट निघालं तर आत पू होईल, गाल सुजेल, चारचौघांत दिसेल. चारचौघांत दिसेल हे मधाळला बरोबर झोंबलं. फोन ठेवल्यावर वन्संनी साबणाने खसाखसा हात धुतले.

दोघं आले. एक्स-रेच्या खोलीत पेशंटशिवाय कोणी जायचं नाही हा सगळीकडचाच नियम. मधाळ तरीही आत निघाला. मी म्हटलं, "किरणं वाईट हो. पुरुषांना तर जास्तच." तो दोन पावलं मागे आला आणि निमूट बाकावर बसला.

आतलं मला पुष्कळ नंतर कळलं, तेही वहिनीला सांगू का असं वन्संनी तिला विचारल्यावर. वन्सं म्हणाल्या होत्या, "हे ओट्याने झालेलं नाही. घरी कोणी मारतं का तुम्हाला?" आणि गप्प राहिल्या. मास्कच्या आत ओठ दातांखाली दाबून धरला म्हणे. शेवटी ती ‘हो’ म्हणाली आणि मग थांबेना. वन्संनी मधे तोंड घातलं नाही. तिचं संपल्यावर फक्त म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. यात तुमची चूक नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा, लागेल ती मदत मी करते."

तिला लगेच कुठेही जायचं नव्हतं. मैत्रिणीचा नंबरही नको, मोबाईल तो रोज तपासायचा. तिला इथे येत राहायचं होतं. म्हणून मग दाताला टोपी झाली, हिरड्यांची सफाई झाली, टोपीची तपासणी झाली, आणि एक्स-रेच्या खोलीत नर्स मैत्रीण बसायला लागली. मधाळ कुरकुरायचा, डॉक्टरीणबाईंना काम येत नाही असं गावभर सांगायचा. ते कानावर आलं तरी वन्संनी चकार शब्द काढला नाही.

चिडायची ती मी. ती दरवेळी त्याच माणसाबरोबर परत जायची. एकदा मी वन्संना म्हटलं, काढा ना तिला तिथून, कसली वाट बघताय?

"ती मला विचारून मार खात नाही, वहिनी. मला विचारून निघणारही नाही," त्या म्हणाल्या.

मग एके दिवशी तिचं ठरलं. दुसऱ्या गावी बहीण होती, कागदपत्रं तिने गुपचूप नर्सकडे आणून ठेवली होती, गाडीची सोय नर्सने केली होती. अडलं होतं एकाच गोष्टीवर. मधाळ घरूनच काम करायचा, त्यामुळे घर रिकामं असं कधी नसायचंच. तिनेच तोड काढली. मधाळची अक्कलदाढ बरेच दिवस ठणकत होती आणि भीतीने तो टाळत होता. ती वन्संना म्हणाली, "त्यांची दाढ काढाल?"

ठरल्या सकाळी मधाळ एकटा आला. बायकोला नेमका आजच ताप आला होता म्हणे. मशीनला त्रास होतो अशी थाप मारून मी त्याचा मोबाईल माझ्याकडे ठेवून घेतला. तो खुर्चीत बसला आणि सुई बघूनच घामाघूम झाला. मी वन्संच्या कानात म्हटलं, भूल जरा कमीच द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेरच गेले.

भूल पूर्ण दिली त्यांनी. आणि मग कित्येक महिन्यांचं तुंबलेलं बोलायला लागल्या. हवा, रस्ते, भाज्या, त्याचं काम, त्याच्या आवडीनिवडी. तो ‘आँ’ म्हणाला की या "अरे वा" म्हणत. दाढ आडवी होती, ती त्यांनी निवांत, तुकडे करून काढली. माझा जीव टांगणीला लागला होता. त्याचा मोबाईल थरथरला की मी त्यावर आणखी एक केसपेपर ठेवायची.

मधाळ गालात कापूस धरून बाहेर आला. अर्धं तोंड बधिर, तरी गोड हसायचा प्रयत्न चालू. तो मोबाईल घेत होता तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला. "मी निघाले," ती म्हणाली. मागून गाडीचा आवाज येत होता. मी रोजच्याच सुरात म्हटलं, "छान. काही त्रास वाटला तर कधीही फोन करा, आम्ही आहोत." मधाळने मान डोलावून माझ्या सेवाभावाचं कौतुक केलं आणि गेला.

वन्सं हातमोजे न काढताच बाहेर आल्या. निघाली ती, मी म्हटलं. त्या पहिल्या बाकावर मटकन बसल्या आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागल्या. शेजारचे आजोबा कवळीची डबी मुठीत धरून घाबरून त्यांच्याकडे बघत होते.

"डॉक्टर," ते म्हणाले, "दाढ त्याची काढली ना?"