चौदाच्या चौदा

टेलरबाईंचं शिलाई मशीन पूर्वी रस्त्याकडच्या खिडकीशी होतं. उजेड चांगला यायचा आणि गिऱ्हाईक येताना दिसायचं. घरात कोंबड्या आल्या आणि मशीन मागच्या खिडकीशी गेलं. तेव्हापासून बाईंचे पाय पायडलवर, हात कापडावर आणि डोळे परसात. मग व्हायचं तेच झालं. सरळ शिवणीसाठी नाव असलेल्या बाईंच्या हातून पडद्यांच्या कडा वाकड्या जायला लागल्या. एका गिऱ्हाइकानं तर तोंडावर बोलून दाखवलं. बाईंनी पडदा उसवला, पुन्हा शिवायला घेतला आणि शिवता शिवता दोनदा उठून परसात जाऊन आल्या.

ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांना वाटतं, काय त्यात, सकाळी दाणे टाकायचे आणि दुपारी अंडी उचलायची. टाकून बघा म्हणावं. दार उघडायच्या आधी खुराड्याभोवती एक फेरी मारायची, कुणी माती उकरलीय का ते बघायचं. पाण्याचं भांडं घासायचं, कारण त्यात त्या पाय देऊन उभ्या राहतात. खालची घाण खरवडायची. सगळ्या सोयी सोडून कुंपणाच्या झुडपात अंडं घालणारी एक महामाया असतेच, तिच्या मागे वाकत जायचं. दुसरी एखादी खुडूक होऊन बसते, खाली अंडं नसलं तरी उबवायचं सोडत नाही, आणि उठवायला गेलं की हाताला चोच मारते. एवढं करून जीव मेटाकुटीला आला की मग खरं काम सुरू होतं, ते राखणीचं. वरून घार, भिंतीवरून मांजर, फाटकाखालून कुत्रं. बाईंनी घारीसाठी परसावर दोऱ्या ताणून गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीड्या टांगल्या, फाटकाखाली फळी ठोकली, खुराड्याच्या बुडाशी विटा पुरल्या. खुराडं म्हणजे नवऱ्याचं कपड्यांचं कपाट. तो गेल्यावर कपडे वाटून टाकले आणि रिकामं कपाट परसात आणून त्याला जाळी मारली, आत झाडूचे दांडे आडवे बसवले. नवरा असता तर म्हणाला असता, माझ्या शर्टांपेक्षा कोंबड्या नीट राहतात.

एवढं करूनही मुंगसापुढे बाईंनी हात टेकले. बाकीचे निदान चोरासारखे येतात. मुंगूस भर दुपारी येतं, उन्हात, डोळ्यांदेखत. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहायचे, त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टींवर सल्ला द्यायची सवय. त्यांनी सांगितलं, परसात रेडिओ लावून ठेवा, माणसाचा आवाज आला की मुंगूस फिरकत नाही. बाईंनी आठ दिवस रेडिओ लावला. मुंगूस बातम्यांच्या वेळेला यायला लागलं.

कोंबड्या खरं तर बाईंच्या नव्हत्याच, त्या वन्संच्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. शेकडो ताटं रोज मोजून लावली, मोजून उचलली आणि एक वाटी कधी कमी भरली नाही, हे आल्यागेल्याला ऐकवायच्या. भाऊ गेल्यावर त्या बाईंच्या सोबतीला म्हणून राहायला आल्या आणि दुसऱ्याच महिन्यात कुठूनशी सहा पिल्लं घेऊन आल्या. कुणाच्या घरी बसून खाणं त्यांना जमणारं नव्हतं. घरातली अंडी माझी, असं त्या म्हणायच्या, आणि त्या अंड्यांवर त्यांची मान ताठ असायची. सहाच्या होता होता चौदा झाल्या, तेरा कोंबड्या आणि एक कोंबडा. दिवेलागणीला त्यांना आत घालायचं काम वन्संचं. त्या खुराड्याच्या दाराशी स्टुलावर बसायच्या, एकेक आत शिरायची आणि शेवटची गेली की वन्सं मोठ्यानं म्हणायच्या, "चौदाच्या चौदा." मग दार, मग कडी, मग कडीला तारेचा पीळ.

दोन वर्षांपूर्वी घारीनं एक पिल्लू उचललं तेव्हा वन्सं दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. एवढंसं राखता येत नाही तर मी इथे कशाला, असं म्हणत फाटकापर्यंत गेल्या. बाईंनी अक्षरशः हातापाया पडून त्यांना परत आणलं. त्या रिकाम्या घरात एकटीनं राहायचा विचार बाईंना सोसवला नव्हता, पण हे त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला, यापुढे काही गेलंच तर वन्संना ताकास तूर लागू द्यायची नाही.

म्हणून यंदा मुंगसानं पहिली तांबडी नेली तेव्हा बाईंनी काय केलं? वन्सं दुपारच्या झोपल्या होत्या. बाईंनी परसातली पिसं झाडून घेतली, त्यातलं एक पाकिटात घातलं आणि बाजाराला निघाल्या. पडला टेलरचा जीव. कापडाची चिंधी नेऊन दोऱ्याचं रीळ जुळवायची जन्माची सवय, तसंच पीस नेऊन कोंबडी जुळवायची. कोंबडीवाल्यानं तांबड्या चार दाखवल्या, बाईंनी त्या चारही उन्हात आणायला लावल्या आणि प्रत्येकीच्या पाठीला पीस लावून बघितलं. ही फार उजळ, ही फार काळपट, जरा मधली दाखवा. कोंबडीवाल्याचा संयम सुटला. बाई, कोंबडी पाळायचीय की अंगात घालायचीय, असं त्यानं विचारलं.

कोंबडी कापडी पिशवीत, वर शर्टाचे बेतलेले तुकडे, अशी वरात घरी आली. पिशवी बोलायला लागली की बाई खोकायच्या. वन्संनी आतून विचारलं, खोकला झालाय का, आणि गरम पाणी करून आणलं. ते बाईंना प्यावं लागलं. नव्या कोंबडीला घर माहीत नसतं, जुन्या तिला टोचून हैराण करतात आणि संध्याकाळी ती खुराड्याकडे वळत नाही. म्हणून दिवेलागणीला बाई नवीला काखेत दाबून कपाटाच्या मागे वाकून उभ्या राहायच्या आणि दाराशी गर्दी झाली की हात पुढे करून तिला गर्दीत ढकलायच्या. पाठीची वाट लागायची, मनगटावर ओरखडे उठायचे. एक तांबडी, मग एक काळी, मग पुन्हा एक तांबडी, अशा तीन खेपा झाल्या. आपण शिवणकाम करतो की जादूचे प्रयोग, असं बाईंना वाटायला लागलं होतं.

वन्संच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेल्या वर्षी बाईंनी त्यांना चष्म्यासाठी म्हणून फसवून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मोतीबिंदू पिकलेत, फार दिवस काढलेत तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल. वन्संनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. रोज चौदाच्या चौदा मोजते, डोळे गेले असते तर मोजता आल्या असत्या का, असा त्यांचा सवाल. बाईंनाही ते पटायचं. काळोखात काळी कोंबडी मोजता येतेय, म्हणजे एवढं काही बिघडलं नसणार. मग एका सकाळी वन्संनी चहा कपाच्या बाजूला ओतला, तो टेबलावरून ओघळून त्यांच्या पायावर. घोट्याखाली रुपयाएवढा फोड आला. कप सरकला, म्हणाल्या.

त्यानंतर चारच दिवसांनी मुंगसानं पांढरी नेली. बाई एका शर्टाची बाही लावत होत्या. परसात कल्ला झाला तशा त्या हातात कात्री घेऊनच धावल्या. कुंपणाच्या फटीतून पांढरी ओढली जाताना दिसली, आणि मग तिथे पिसं तेवढी राहिली. बाकीच्या कोंबड्या भिंतीशी दाटीवाटीनं उभ्या होत्या. दहा मिनिटांत त्या पुन्हा माती उकरायला लागल्या, जणू पांढरी या घरात कधी नव्हतीच. बाईंना त्यांचा हेवा वाटला.

सवयीनं त्यांनी पीस पाकिटात घातलं. चपला घातल्या. फाटकापर्यंत गेल्या आणि तिथे पाय अडले. बाजार मैलभर लांब, ऊन डोक्यावर, बाही अर्धी लागलेली. पांढऱ्यात किती छटा असतात ते टेलरला सांगायला नको. पुन्हा ती पिशवी, पुन्हा तो खोकला, पुन्हा कपाटामागे वाकून उभं राहणं. बाईंना मनापासून कंटाळा आला. नुसता आजचा नाही, सगळ्याचाच. त्या परत आल्या, मशीनवर बसल्या आणि बाही पूर्ण केली. आज तेरा तर तेरा. वन्सं मोजतील, रडतील, पिशवी भरतील. भरू देत.

असं म्हणायला सोपं असतं. संध्याकाळी बाई घाबरतच परसात आल्या. आज त्या कपाटामागे नव्हत्या, हात मोकळे सोडून वन्संच्या शेजारी उभ्या होत्या. कोंबडा आधी शिरला, मग तांबड्या, मग काळ्या, शेवटी ती झुडपातली महामाया. तेरा. बाईंनी मनात शब्द जुळवून ठेवले होते.

"चौदाच्या चौदा," वन्सं म्हणाल्या. रोजच्याच आवाजात.

बाईंना वाटलं, आपलंच चुकलं. त्यांनी वाकून जाळीतून पुन्हा मोजल्या. तेराच. आणि मग त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन खेपा, तो कोंबडीवाला, ते ओरखडे, ते पेलाभर गरम पाणी, सगळ्या गल्लीत झालेली वाकड्या शिवणीची बोंब. सगळं कशासाठी? तोंड उघडून चांगले चार शब्द सुनवावेत म्हणून त्या वळल्या, तर वन्संचा हात कडी शोधत होता. कडीपासून चांगला वीतभर डावीकडे, जाळीवरून बोटं फिरत होती. मग वर गेली, मग खाली आली, मग कडी सापडली. हे रोज होत असणार. बाईंना ते कधी दिसलं नव्हतं, कारण रोज वन्संच्या भरवशावर त्या घरात निघून जायच्या, आणि ज्या दिवशी थांबायच्या त्या दिवशी काखेत कोंबडी घेऊन कपाटामागे असायच्या. राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी भीती आली.

"वन्सं, तेरा आहेत."

हात थांबला. "पुन्हा मोज."

"दोनदा मोजल्या. पांढरी दुपारी मुंगसानं नेली."

मग बाईंनी बाकीचंही सांगून टाकलं, अर्धंमुर्धं ठेवण्यात आता अर्थ नव्हता. तीन आधी गेल्या ते, पिसं जुळवून तीन आणल्या ते, पिशवीचं, सगळं. सांगताना त्या वन्संच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मनात म्हणत होत्या, आता उठतील, आता पिशवी काढतील.

"म्हणजे तो खोकला खोटा होता," वन्सं शेवटी म्हणाल्या.

"हो."

वन्संनी कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. आत कोंबड्या दांड्यावर जागेसाठी भांडत होत्या, त्यांचा आवाज हळूहळू बसत गेला.

"मी मोजत नाही गं," वन्सं म्हणाल्या. "वर्ष होऊन गेलं. पावलं वाजायची थांबली की चौदा म्हणते. तू कधी नाही म्हणाली नाहीस, म्हटलं असतील."

वर्षभर एक जण खोटं मोजत होती आणि दुसरी ते खरं करून दाखवायला बाजारात पळत होती. बाईंना हसावंसं वाटलं.

"तुझ्या त्या डॉक्टरकडे रांग असते का?" वन्संनी विचारलं.

"असते. सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा लागतो."

"मग सकाळी ह्या कोंबड्यांना सोडणार कोण?"

"उद्या आत राहतील. एक दिवस राहिल्या तर मरत नाहीत."

वन्संनी कमरेला खोचलेली तार काढून पुढे केली, बाईंच्या हाताच्या थोडी बाजूला. बाईंनी ती घेतली, कडी घातली, पीळ दिला, सवयीनं ओढून बघितला. मग त्यांनी स्टूल उचललं. वन्सं उठल्या आणि त्यांनी बाईंचा दंड धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणाला धरून चाललेलं बाईंनी बघितलं नव्हतं. दोघी हळूहळू घराकडे निघाल्या.

"पायरी आली की सांग," वन्सं म्हणाल्या.